नीतिसूत्रे आणि सोमवारचा व्यवहार : बायबलमधील शहाणपण ऐकल्याने नेमके काय पदरी पडते?

खाडीकाठ (रत्नागिरी)

सर्वांना सप्रेम सलाम.

आपल्या मंडळ्यांमध्ये तारण, क्षमा आणि प्रार्थना यांवर भरपूर उपदेश होतो आणि तो व्हायलाच हवा. परंतु त्याच बायबलमध्ये उधारी, जामीनकी, तराजू, शेताची हद्द, नोकराची मजुरी, इतकेच काय, शेजाऱ्याच्या घरी किती वेळा पाऊल टाकावे (नीतिसूत्रे 25:17) यावरही वचने आहेत, आणि ती मात्र आपण लग्नपत्रिकेवर किंवा भिंतीवरच्या कॅलेंडरवर छापण्यापुरतीच वापरतो. या वचनांप्रमाणे वागल्याने ख्रिस्ती माणसाच्या रोजच्या जगण्यात काय फरक पडतो, याविषयी येथील सभासदांचे अनुभव आणि मते वाचावीत म्हणून हा धागा काढत आहे.

ज्यांनी हे पुस्तक सलग वाचलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. नीतिसूत्रांचे 31 अध्याय आहेत आणि ते एका हाताने, एका बैठकीत लिहिलेले पुस्तक नाही. पहिले 9 अध्याय म्हणजे बापाने मुलाला केलेला लांबलचक उपदेश. 10 व्या अध्यायापासून शलमोनाच्या नावावरची सुटी सुटी वचने. त्यानंतर ज्ञानी लोकांची वचने. 25 ते 29 हे अध्याय हिज्कीया राजाच्या माणसांनी उतरवून घेतले, असे त्या पुस्तकातच म्हटले आहे. 30 वा अध्याय आगूराचा, आणि शेवटचा लमुएल राजाला त्याच्या आईने शिकवलेला. म्हणजे राजवाड्यापासून स्वयंपाकघरापर्यंत, कित्येक पिढ्यांनी पाहिलेले आणि पारखलेले येथे साठलेले आहे. परमेश्वराचे भय हा ज्ञानाचा आरंभ आहे, हे पहिल्याच अध्यायात (1:7) सांगून मग हे पुस्तक थेट व्यवहारात उतरते.

माझी बरीचशी नोकरी एका सहकारी पतसंस्थेत, वसुलीच्या टेबलावर झाली. नीतिसूत्रांत जामीन राहण्याविरुद्ध पुन्हा पुन्हा इशारा दिला आहे (6:1-5, 11:15, 17:18, 22:26-27). तरुणपणी मला ही वचने कोरडी आणि काहीशी स्वार्थी वाटत. ख्रिस्ती माणसाने अडचणीत असलेल्याच्या मागे उभे राहू नये, असे हे कसले शास्त्र? वसुलीच्या टेबलावर बसल्यावर त्यांचा अर्थ दिसू लागला. मूळ कर्जदार पुष्कळदा मुंबईला निघून गेलेला असे, आणि नोटीस घेऊन समोर बसलेला असे त्याचा शाळामास्तर मेहुणा किंवा वाडीतला शेजारी, ज्याने कागद न वाचता केवळ भिडेपोटी सही केलेली होती. तुझ्याजवळ फेडायला काही नसेल तर अंगाखालचे अंथरूण काढून घेतले जाईल, असे 22:27 मध्ये म्हटले आहे. तिथे अंथरुणाच्या जागी पगारातली कपात आणि बायकोचे गहाण पडलेले दागिने एवढे घातले, की तो आमच्या टेबलावरचा रोजचा देखावा होतो. त्याहून वाईट गोष्ट म्हणजे ती दोन घरे पुढे एकमेकांकडे जात नसत. कायदाही येथे काही सवलत देत नाही. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 128 प्रमाणे, करारात वेगळे ठरलेले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि सावकाराने आधी कर्जदारालाच गाठले पाहिजे असे बंधन नाही.

माझे मत असे बनले आहे की, या शहाणपणाचा लाभ बहुतेक वेळा डोळ्यांना दिसत नाही, कारण तो न घडलेल्या गोष्टींच्या रूपाने येतो : न झालेले भांडण, न आलेली नोटीस, न तुटलेले नाते. शिवाय तो लाभ पुष्कळदा आपल्याआधी दुसऱ्याला पोहोचतो. आपणा सर्वांना काय वाटते?

वाडीवाला (वसई)

खाडीकाठ दादा, धागा उत्तम. जामीनकीच्या मुद्द्याला एक जोड देतो.

आम्हा कॅथलिकांच्या बायबलमध्ये सिराख हे पुस्तक आहे. आपल्या प्रॉटेस्टंट बांधवांच्या प्रतींमध्ये ते नसते, म्हणून कदाचित आपल्या नजरेखालून गेले नसेल. त्याच्या 29 व्या अध्यायात जामीनकीवर एक सबंध परिच्छेद आहे आणि तो नीतिसूत्रांहून वेगळ्या ठिकाणाहून सुरू होतो. भला माणूस शेजाऱ्याला जामीन राहतो, असे तेथे आधी म्हटले आहे. जामीन राहणाऱ्याचे उपकार विसरू नकोस, असे कर्जदारालाही बजावले आहे. मग सांगितले आहे की, जामीनकीने पुष्कळ सुस्थितीतले लोक बुडाले, समुद्राच्या लाटेने हलवावे तसे हलले. आणि शेवटी, आपल्या ऐपतीप्रमाणे शेजाऱ्याला मदत कर, पण आपण स्वतः पडणार नाही याची काळजी घे. समुद्राची लाट म्हणजे काय हे किनाऱ्यावरच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

मला हे दोन्ही सूर एकत्र वाचणे आवश्यक वाटते. नुसती नीतिसूत्रे वाचून एखादा कंजूष माणूस आपल्या कंजूषपणाला शास्त्राधार मिळाला म्हणून खूश होईल, आणि नुसते दयेचे उपदेश ऐकून एखादा भोळा माणूस आपल्या मुलाबाळांचे घर दुसऱ्याच्या धंद्यात घालवून बसेल. आमच्याकडे केळी, फुले आणि भाजीपाला करणाऱ्या वाड्यांच्या जमिनींना इमारतींमुळे सोन्याचा भाव आला, तेव्हापासून हा प्रश्न आणखी तीव्र झाला आहे, कारण आता सही करणाऱ्याच्या मागे लाखोंची जमीन उभी असते आणि हे सही मागायला येणाऱ्यालाही ठाऊक असते.

जाता जाता : वसईत 1534 पासून 1739 पर्यंत पोर्तुगीजांची सत्ता होती, आणि आमचा विश्वास पोर्तुगिजांचा म्हणून आजही कधीकधी टोमणा ऐकू येतो. परंतु आमच्या घरांत म्हाताऱ्या माणसांनी जे शहाणपण सांगितले त्यात बायबल कुठे संपते आणि वाडीतली जुनी समज कुठे सुरू होते, हे मला तरी वेगळे काढता येत नाही, आणि त्यात वाईट वाटण्यासारखे काही आहे असेही मी मानत नाही.

प्रश्नचिन्ह (अलिबाग तालुका)

मी वयाने आपणा दोघांपेक्षा बराच लहान आहे, त्यामुळे उद्धटपणा वाटल्यास क्षमा असावी.

शहाणपणाने वागा म्हणजे भले होईल, हा दावा मला अनुभवाला धरून वाटत नाही. माझे वडील आयुष्यभर खरे बोलले, कुणाचे एक रुपयाचे देणे ठेवले नाही, आळस केला नाही, आणि आज त्यांची होडी किनाऱ्यावर कलंडून पडली आहे, तर ज्यांनी पावसाळी मासेमारी-बंदीच्या काळातही चोरून मासेमारी केली त्यांची दुमजली घरे झाली. नीतिसूत्रे 10:4 मध्ये उद्योग्याचा हात धनवान करतो असे लिहिले आहे. आमच्या घरात ते खरे ठरलेले नाही. शिवाय अलीकडे काही सभांमधून याच वचनांच्या आधारे असे शिकवले जाते की, दशांश (मिळकतीचा दहावा भाग) द्या, वचन पाळा, मग गाडी आणि बंगला मिळेल. आणि जो गरीब राहिला त्याच्या विश्वासातच खोट आहे. मला या शिकवणीचा मनापासून संताप येतो.

आणि एक प्रत्यक्ष अडचण आहे. माझा मावसभाऊ होडीच्या इंजिनासाठी कर्ज काढतो आहे आणि मी जामीन राहावे असा त्याचा आग्रह आहे. मी नुकताच एका कंपनीत कायम झालो आहे, म्हणून माझ्या सहीला किंमत. हा धागा वाचून मी अधिकच गोंधळलो आहे.

खाडीकाठ (रत्नागिरी)

प्रश्नचिन्ह, यात उद्धटपणा कसला? आपला प्रश्न बायबलनेच आपल्या आधी विचारला आहे, आणि आपल्याहून कितीतरी कठोर शब्दांत विचारला आहे. ईयोब सात्त्विक आणि सरळ होता असे त्या पुस्तकाच्या पहिल्याच वाक्यात म्हटले आहे, तरी त्याचे सर्वस्व गेले. त्याचे मित्र येऊन नेमके तेच बोलले जे आपण सभांमधून ऐकता : तू दुःखात आहेस त्या अर्थी तू काहीतरी पाप केले असले पाहिजे. पुस्तकाच्या शेवटी (42:7) परमेश्वर त्या मित्रांवर रागावतो आणि ते आपल्याविषयी यथार्थ बोलले नाहीत असे सांगतो. उपदेशक 9:11 मध्ये तर स्पष्टच लिहिले आहे की, धाव वेगवानांच्या आणि लढाई बलवानांच्या हाती नसते, काळ आणि प्रसंग सर्वांनाच गाठतात. नीतिसूत्रे, ईयोब आणि उपदेशक ही तीनही पुस्तके एकाच बायबलमध्ये जवळजवळ बांधली आहेत, आणि तिसऱ्याला पाहिल्याशिवाय पहिल्याचा अर्थ लावू नये यासाठीच ती तशी आहेत असे मी समजतो.

नीतिसूत्र म्हणजे करारपत्र नव्हे. जाणत्या तांडेलाने (होडीच्या मुख्य खलाशाने) वाऱ्याविषयी काही सांगितले तर ते बहुतेक वेळा खरे ठरते, पण वादळ त्याचे ऐकून येत नाही. तरीही शहाणा खलाशी तांडेलाचेच ऐकतो. उद्योगी माणसाकडे चार पैसे राहतात, हे सामान्यतः खरे आहे. त्याच पुस्तकाने हेही नोंदवले आहे की, गरिबाच्या पडीक जमिनीतही भरपूर अन्न पिकते, पण अन्यायामुळे ते हिरावले जाते (13:23). आपल्या वडिलांची होडी का कलंडली याचे उत्तर 10:4 मध्ये शोधण्यापेक्षा 13:23 मध्ये शोधणे अधिक प्रामाणिक ठरेल. थोडेसे धन धार्मिकतेने मिळालेले असले तर ते अन्यायाने मिळवलेल्या मोठ्या उत्पन्नापेक्षा बरे (16:8), असेही तेच पुस्तक सांगते. म्हणजे नीतिमान माणूस कमी मिळकतीत राहू शकतो हे लिहिणाऱ्यांना पुरते ठाऊक होते.

आपल्या मावसभावाविषयी इतरांचे ऐकून मग लिहितो.

कलमांची बाग (देवगड)

मी आंब्याच्या धंद्यातला आहे, त्यामुळे माझे लक्ष 11:1 वर खिळते, म्हणजे खोटा तराजू परमेश्वराला किळसवाणा वाटतो या वचनावर. आता आंबा तराजूने कमी आणि पेटीने जास्त विकला जातो. पेटीच्या वरच्या थराला एकसारखी मोठी फळे आणि तळाशी बारकी, ही लबाडी सर्वांना माहीत आहे. परराज्यातला आंबा देवगडच्या खोक्यात भरून विकणे ही त्याच्याही पुढची पायरी. 2018 मध्ये कोकणातल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांसाठी आहे. पण मानांकनाचा शिक्का खोक्यावर असतो, आत काय भरले हे भरणाऱ्याच्या मनावर. पिशवीतली सगळी वजने परमेश्वराचे काम आहेत (16:11), असे जे म्हटले आहे ते मी या अर्थाने घेतो की, पेटीचा तळ हीसुद्धा देवाची जागा आहे.

याचा फायदा होतो का? प्रामाणिकपणे सांगतो, पहिली काही वर्षे तोटाच होतो. कार्बाइड वापरायला कायद्याने बंदी आहे, तरी जो वापरतो त्याचा माल आठवडाभर आधी बाजारात पोहोचतो आणि चढा भाव घेऊन जातो; गवतात आढी लावून पिकवणारा मागे राहतो. मात्र पुण्यातली आणि मुंबईतली जी गिऱ्हाइके पेटी न उघडता पैसे पाठवतात, ती तळाची फळे पाहूनच तयार झाली आहेत. अवकाळी पावसाने मोहोर गळून पीक निम्म्यावर आले तेव्हा हीच गिऱ्हाइके वाढीव भावाला कुरकुरली नाहीत. तरीसुद्धा यावर सिद्धान्त उभारायला माझे मन तयार नाही, कारण माझ्या ओळखीचा तितकाच सचोटीचा एक बागायतदार कर्जापायी बाग विकून मोकळा झाला.

20:14 वाचा आणि हसू आवरून दाखवा. घेणारा म्हणतो, वाईट, वाईट. आणि माल घेऊन निघून गेला की फुशारकी मारतो. तीन हजार वर्षांत दलाल बदललेला नाही.

सागरवेल (मालवण)

इतका वेळ पुरुषमंडळींचे व्यवहार वाचले; आता 31 व्या अध्यायाविषयी लिहिते, जो आम्हा स्त्रियांना महिला मेळाव्यात हमखास ऐकवला जातो. सद्गुणी स्त्री पहाटे उठते, घरच्यांना जेवू घालते, तिचा दिवा रात्री विझत नाही, एवढे वाचून उपदेश संपतो, आणि जमलेल्या बायका घरी जाऊन आणखी एक तास आधी उठण्याचा निश्चय करतात.

तो अध्याय नीट वाचला तर ती बाई शेत पाहते आणि विकत घेते, स्वतःच्या कमाईतून द्राक्षमळा लावते (31:16), आपला माल फायद्याचा आहे हे तिला कळते, ती वस्त्रे करून व्यापाऱ्यांना विकते. आमच्याकडे मासळी लिलावातून उचलणे, पाटीवर घेऊन विकणे, उधारी वसूल करणे आणि घरखर्चाचा हिशेब ठेवणे ही कामे पिढ्यान्‌पिढ्या बायका करत आल्या आहेत, म्हणून हे चित्र मला परके वाटत नाही. ज्या वचनाने तो अध्याय संपतो त्यावर मात्र मी आजवर एकही उपदेश ऐकलेला नाही : तिच्या हातांचे फळ तिला द्या, आणि वेशीत तिची कृत्ये तिची प्रशंसा करोत (31:31). फळ द्या, अशी तेथे आज्ञा आहे.

आता व्यवहार पाहा. ख्रिस्ती कुटुंबांना भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 लागू होतो. मृत्युपत्र नसेल तर त्याप्रमाणे विधवेला एक तृतीयांश आणि उरलेल्या दोन तृतीयांशात मुलगे व मुली यांना समान वाटा मिळतो. कायदा इतका स्वच्छ असताना आमच्या वाड्यांमध्ये बापाच्या मृत्यूनंतर बहिणींना तलाठ्याकडे बोलावून हक्कसोड लिहून घेतले जाते, आणि सही करणारी बहीण रडत रडत म्हणते की भावाचे माहेर तुटायला नको. गणना 27 मध्ये सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहून बापाच्या वतनात वाटा मागतात, आणि परमेश्वर म्हणतो की त्यांचे म्हणणे बरोबर आहे. हा उतारा संडे स्कूलमध्ये शिकवत नाहीत. तो का शिकवत नाहीत, याचा अंदाज वाचकांनी करावा.

माझा मुद्दा धाग्याला सोडून नाही. बायबलचे शहाणपण ऐकल्याने लाभ होतो का, असे विचारताना ऐकायचे कोणी आणि लाभ कोणाला, हेही विचारले पाहिजे. माझ्या माहितीतल्या एका घरात भावांनी स्वतः होऊन बहिणींची नावे सातबाऱ्यावर चढवली. त्या भावांच्या वाट्याची जमीन कमी झाली, यात शंका नाही. खाडीकाठ म्हणतात तसा येथे लाभ दुसऱ्याला आधी पोहोचला, आणि म्हणूनच मला ते घर वचन पाळणारे वाटते.

गडगा (दापोली)

सागरवेल ताईंनी जमिनीचा विषय काढलाच आहे तर थोडक्यात लिहितो. पूर्वजांनी घातलेली जुनी हद्द सारू नको (22:28), आणि अनाथांच्या शेतात शिरू नको, कारण त्यांचा कैवारी समर्थ आहे (23:10-11). आमच्याकडे चाकरमानी गणपतीला आणि आपली माणसे नाताळाला गावी येतात. मधल्या काळात चिऱ्याचा गडगा (दगडी कुंपण) दरवर्षी वीतभर सरकतो. सामायिक सातबाऱ्यावर डझनावारी नावे, त्यातली निम्मी मृत, मग भांडायचे तरी कोणाशी? ही वचने पाळणारा माणूस श्रीमंत होत नाही, पण त्याच्या मुलांना दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागत नाही. आमच्या किनाऱ्यावर 1823 मध्ये बाणकोटला स्कॉटिश मिशनऱ्यांनी काम सुरू केले तेव्हापासून शाळेत आणि देवळात (चर्चमध्ये) वचन शिकवले जात आहे. गडगा मात्र सरकतोच आहे.

शिष्य (सावंतवाडी)

मी ईशज्ञानाचा विद्यार्थी आहे. जिभेविषयीची वचने अजून कोणी मांडली नाहीत, आणि माझ्या मते रोजच्या जीवनात सर्वांत लवकर फळ देणारी वचने तीच आहेत, कारण त्यांना पैसा लागत नाही.

आमच्या मंडळीच्या व्हॉट्सअप गटात गेल्या वर्षी कबरस्तानाच्या वर्गणीवरून वाद पेटला. एकाने रात्री हिशेबाविषयी संशय व्यक्त केला, आणि सकाळपर्यंत खजिनदारांना चोर ठरवून झाले. नीतिसूत्रे 18:17 म्हणते की, जो आधी आपली बाजू मांडतो तो खरा वाटतो, पण दुसरा येऊन त्याची तपासणी करतो. 18:13 म्हणते की, ऐकून घेण्याआधी उत्तर देणे हा मूर्खपणा आणि लाजिरवाणी गोष्ट आहे. एका वयस्कर बाईंनी गटात काहीच न लिहिता खजिनदारांकडे जाऊन पावत्यांचे पुस्तक मागितले, तेव्हा हिशेब बिनचूक निघाला. पावत्या भरल्या होत्या, गटात छायाचित्र टाकायचे तेवढे राहिले होते. मत्तय 18:15 मध्ये प्रभूने आधी एकांतात जाऊन बोलण्याची जी रीत सांगितली आहे ती त्या बाईंनी पाळली. गटातल्या मोठमोठ्या वचनप्रेमींनी ती पाळली नाही.

येथे एक गंमतही सांगण्यासारखी आहे. 26:4 मध्ये मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको असे आहे, आणि लगेच 26:5 मध्ये उत्तर दे असे आहे. वाचणाऱ्याला वाटते की लिहिणारा विसरला. माझ्या समजुतीप्रमाणे ही दोन वचने मुद्दाम एकाखाली एक ठेवली आहेत, म्हणजे कोणत्या प्रसंगी कोणते लागू करायचे हे वाचणाऱ्याने ठरवावे. शहाणपण पाठ करून येत नाही, प्रसंग ओळखण्याची सवय लागावी लागते. याकोबाच्या पत्रातील ऐकण्यास तत्पर, बोलण्यास धीमा, रागास मंद (1:19) हा क्रम मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो, आणि त्याच अध्यायात पुढे वचन केवळ ऐकणारे न होता आचरणारे व्हा असे तो सांगतो.

नारायण वामन टिळक आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे. 1895 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्यांना ओढून घेणारी गोष्ट होती ती डोंगरावरील प्रवचन, म्हणजे मत्तयाचे 5 ते 7 हे अध्याय. त्या प्रवचनाचा शेवट प्रभू येशू खडकावर घर बांधणाऱ्याच्या दाखल्याने करतो. दोन्ही घरांवर पाऊस सारखाच कोसळतो, पूर सारखाच येतो, वारा सारखाच सुटतो. ऐकून वागणाऱ्याला पावसातून सूट मिळालेली नाही. प्रश्नचिन्ह यांच्या शंकेला माझ्याकडे याहून चांगले उत्तर नाही.

वाडीवाला (वसई)

शिष्य, आपले लिखाण आवडले. एक भर : उन्हाळ्यात साठवण करणारी मुंगी (6:6-8) आमच्या घरी मे महिन्यात आठवतेच. इस्राएलात धान्याची कापणी कोरड्या ऋतूत होते आणि कापणीच्या वेळी पाऊस हा तेथे विपरीत प्रकार मानला जातो (26:1). आपल्याकडे भात पावसावर वाढते आणि ऑक्टोबरात कापले जाते. ऋतू उलटे असले तरी आगोटीची (पावसाळ्याच्या तोंडावरची) बेगमी करणाऱ्या बाईला ते वचन समजावून सांगण्याची गरज पडत नाही. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्या बंद, बाजारात ताजी मासळी दुर्मीळ, आणि ज्या घरात सुका जवळा, बोंबील, मसाला, पापड भरून ठेवले आहेत ते घर उसनवारीला निघत नाही. मात्र होडीवर रोजंदारीने जाणाऱ्या खलाशाजवळ मे महिन्यात साठवायला पैसाच नसेल तर त्याला मुंगीचा दाखला देणे निर्दयपणाचे आहे. आधी त्याचा हिशेब वेळेवर चुकता करावा. हातात देण्याजोगे असताना शेजाऱ्याला उद्या ये म्हणू नको (3:28), हे वचन होडीमालकाने वाचावे. मुंगीचे वचन खलाशी मग आपण होऊन वाचेल.

प्रश्नचिन्ह (अलिबाग तालुका)

सर्वांचे मनापासून आभार. ईयोबाच्या मित्रांविषयी मला हे कोणी याआधी सांगितले नव्हते, आणि वडिलांना मी तो अध्याय वाचून दाखवला. ते म्हणाले, मित्र निदान सात दिवस गप्प बसले होते, तेवढे तरी बरे केले. (ईयोब 2:13. मी तपासले, खरेच आहे.)

आता मावसभावाचे काय करावे? मावशीने मला लहानपणी सांभाळले आहे. नुसते नाही म्हणून मोकळे होणे मला जमणार नाही.

खाडीकाठ (रत्नागिरी)

आता लिहितो. वसुलीच्या टेबलावरचा माणूस म्हणून आधी, आणि विश्वासी म्हणून त्यानंतर. जरी माझ्या मते या दोघांचे म्हणणे एकच निघते.

पहिली गोष्ट, कर्जाचा पूर्ण कागद मागून घ्या आणि वाचा : रक्कम किती, व्याज किती, हप्ता चुकल्यास दंड किती, आणि दुसरा जामीनदार कोण आहे. मावसभाऊ कागद दाखवायला टाळाटाळ करत असेल तर तेथेच उत्तर मिळाले. दुसरी गोष्ट, बंदीच्या दोन महिन्यांत हप्ता कशातून भरणार हे त्याला विचारा. लूक 14:28 मध्ये बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज करावा असे प्रभू म्हणतो. ते वचन शिष्यत्वाविषयी आहे हे मला ठाऊक आहे, तरी बसून हिशेब करण्याचा जो दाखला त्याने घेतला तो कोणत्याही कर्जदाराला लागू पडावा असाच आहे. तिसरी गोष्ट, संपूर्ण कर्ज उद्या आपल्या अंगावर आले तर आपण ते फेडू शकाल का, आणि फेडूनही मावशीच्या घरी पूर्वीसारखे जेवायला बसाल का? दोन्हींचे उत्तर होय असेल तर सिराखाचा भला माणूस व्हा आणि सही करा. एकाचे जरी नाही असेल तर सही करू नका; त्याऐवजी परत न मिळाले तरी चालेल एवढी रक्कम इंजिनासाठी स्वतःहून द्या आणि ती उधारी म्हणून लिहून ठेवू नका. वाडीवाल्यांनी सांगितलेला ऐपतीप्रमाणे मदतीचा मार्ग हाच आहे.

आणि हे मावशीला तिसऱ्याकडून कळू देऊ नका. आधी स्वतः जाऊन सांगा.

सागरवेल (मालवण)

खाडीकाठ दादांशी सहमत आहे. एवढेच सुचवते की, मावसभावाची बायको असेल तर हिशेबाला बसताना तिलाही बोलवा. होडीचा खर्च तांडेलाला माहीत असतो, घराचा तिला. हप्ता चुकणार असेल तर ते सर्वांच्या आधी तिला कळलेले असते.

प्रश्नचिन्ह (अलिबाग तालुका)

कागद मागितला. मावसभाऊ जरा नाराज झाला, पण त्याने तो पाठवला आहे आणि वहिनीही बसणार आहेत. दुसरा जामीनदार अजून ठरलेलाच नव्हता, हे कागद पाहिल्यावर कळले. मी पूर्ण कर्ज फेडू शकत नाही, हे हिशेबाने दिसते आहे, तेव्हा सही करणार नाही. माझ्या बोनसमधून काही रक्कम देईन. रविवारी उपासनेनंतर मावशीकडे जातो आहे. इंजिन जुने पण चांगल्या स्थितीतले, कमी किमतीत मिळत असेल असे कोणाच्या माहितीत असल्यास कृपया येथे कळवावे.

गडगा (दापोली)

हर्णै बंदरावर एकदा चौकशी करून पाहतो. किती अश्वशक्तीचे हवे ते लिहा.